ब्रिटिश कॅडेट कॅप बॅज: जमवणं, ओळखणं, पारखणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅडेट कॅप बॅज म्हणजे नेमका कोणता बिल्ला?

ब्रिटनमधल्या शाळांत आणि वस्त्यांत चालणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींच्या लष्करी वळणाच्या दलांचा टोपीवरचा बिल्ला. ही मुलं सैनिक नसतात, त्यांना लढाईवर धाडलं जात नाही. गणवेश, कवायत, नेमबाजी, नकाशावाचन, शिबिरं एवढंच.

पण विक्रेते 'कॅडेट' हा शब्द फार सैल हाताने वापरतात. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतले 'ऑफिसर कॅडेट' हे वेगळं प्रकरण. ते प्रौढ आणि पूर्णवेळ प्रशिक्षणार्थी. विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये ग्लासगोत सुरू केलेली बॉइज ब्रिगेड ही धार्मिक युवक संघटना, तिचे बिल्लेही याच पेटीत टाकलेले सापडतात. चर्च लॅड्स ब्रिगेडचं मात्र तसं नाही. ती १९११ च्या सुमारास किंग्ज रॉयल रायफल कोअरशी जोडलेली कॅडेट तुकडी म्हणून मान्यता पावली, त्यामुळे तिचा बिल्ला या संग्रहात हक्काने बसतो.

इतक्या संस्था, इतकी नावं. सुरुवात कुठून करायची?

नावांच्या सालांपासून. ही सालं पाठ असली की निम्मे खोटे बिल्ले भिंग न लावताच बाजूला पडतात.

१८५९-६० मध्ये फ्रान्सच्या स्वारीच्या भीतीने इंग्लंडभर स्वयंसेवक रायफल तुकड्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागोमाग रॉसल, ईटन, हॅरो, रग्बी अशा शाळांतून मुलांच्या तुकड्या आल्या. दुसरा प्रवाह गरीब वस्त्यांमधला. घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आणि पुढे नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक ठरलेल्या ऑक्टेविया हिल यांनी १८८९ मध्ये लंडनच्या सदर्क भागात कॅडेट कंपनी काढली. श्रीमंतांच्या निवासी शाळा एकीकडे आणि कामगार वस्त्या दुसरीकडे, हा दुभंग पुढे बिल्ल्यांतही दिसत राहतो. शाळांचे बिल्ले कुलचिन्हांनी आणि लॅटिन बोधवाक्यांनी नटलेले, वस्तीतल्या तुकड्यांचे बहुधा जवळच्या रेजिमेंटकडून उसने घेतलेले.

१९०८ मध्ये युद्धमंत्री हाल्डेन यांच्या सुधारणांत शाळा आणि विद्यापीठांच्या तुकड्या ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, म्हणजे ओटीसी, या छत्राखाली आल्या: शाळा ज्युनिअर डिव्हिजनमध्ये, विद्यापीठं सीनिअर डिव्हिजनमध्ये. वस्तीतल्या तुकड्या 'कॅडेट फोर्स' म्हणून राहिल्या. त्यांची सरकारी मान्यता १९२३ मध्ये गेली, १९३२ मध्ये परत मिळाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या सुमारास, शाळांच्या ओटीसीचं नाव ज्युनिअर ट्रेनिंग कोअर, म्हणजे जेटीसी, झालं. १९४२ मध्ये वस्तीतल्या तुकड्यांच्या आर्मी कॅडेट फोर्सचा, म्हणजे एसीएफचा, मोठा विस्तार झाला. १ एप्रिल १९४८ पासून शाळांमधली भूदल, नौदल आणि हवाई दलाची पथकं एकत्र करून कम्बाइन्ड कॅडेट फोर्स, म्हणजे सीसीएफ, निघाला. तो आजही चालू आहे.

मुकुटावरून काळ ओळखता येतो म्हणतात. कसा?

बिल्ल्यावर राजमुकुट असेल तर बराच ओळखता येतो. संग्राहक तीन मुकुट मानतात. व्हिक्टोरिया राणीचा मुकुट १९०१ पर्यंत. त्यानंतर ट्युडर मुकुट, ज्याला बाजारात 'किंग्ज क्राउन' म्हणतात. याच्या कमानी घुमटासारख्या गोल चढतात आणि मधे दबत नाहीत. एलिझाबेथ राणीने सेंट एडवर्ड मुकुट निवडला, त्याच्या कमानी मधोमध खाली झुकतात. हा 'क्वीन्स क्राउन' १९५३ पासून पुढे हळूहळू बिल्ल्यांवर आला. नवख्यांची गल्लत इथेच होते, कारण व्हिक्टोरियाचा मुकुटही मधे दबलेलाच आहे. त्याची एकूण ठेवण अधिक चपटी असते. दोन्ही खरे नमुने शेजारी ठेवून एकदा पाहिले की फरक डोळ्यांत बसतो. वाचून तो कळत नाही.

आता नाव आणि मुकुट यांची सांगड घाला. सीसीएफ १९४८ चा, म्हणून त्यावर व्हिक्टोरियाचा मुकुट असणं अशक्य. सीसीएफवर ट्युडर मुकुट असेल तर तो ठसा १९४८ आणि १९५०च्या दशकाची सुरुवात यांच्या मधला, म्हणजे खिडकी जेमतेम पाच-सहा वर्षांची. जेटीसी १९४८ मध्येच संपला, तेव्हा 'जेटीसी' अक्षरांवर क्वीन्स क्राउन दिसला तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे वळावं. शाळेच्या ओटीसीवर क्वीन्स क्राउन हीसुद्धा तशीच विसंगती. विद्यापीठांचे ओटीसी मात्र आजही आहेत, त्यांच्या बिल्ल्यांना हा नियम लावू नका.

या गणितात अलीकडे एक मेख बसली आहे. तिसऱ्या चार्ल्स राजांनी २०२२ मध्ये पुन्हा ट्युडर मुकुट स्वीकारला. आजवर चकचकीत अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम आणि किंग्ज क्राउन ही जोडी दिसली की कान टवकारायचे. फारतर १९५०च्या दशकारंभीचा एखादा अपवाद. आता नव्या मुकुटाचे खरेखुरे बिल्ले टोप्यांवर चढत आहेत. अजून काही वर्षांनी हेच बिल्ले 'सहाव्या जॉर्जच्या काळातले' म्हणून विकायला येतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

मुकुटच नसेल तर?

तर काम अवघड. मिडलसेक्स रेजिमेंटचंच घ्या. तिच्या बिल्ल्यावर प्रिन्स ऑफ वेल्सची तीन पिसं आणि त्याखाली राजपुत्राचा छोटा मुकुट आहे. राजा गेला, राणी आली, तरी हा मुकुट बदलत नाही. शाळांच्या कितीतरी बिल्ल्यांवर फक्त शाळेची ढाल आणि बोधवाक्य, ना मुकुट ना 'ओटीसी' ही अक्षरं. असा एकच ठसा १९०८ पासून सीसीएफच्या काळापर्यंत वापरात राहिलेला असू शकतो. मग काळ ठरवायला धातू, मागची जोडणी आणि शाळेची जुनी छायाचित्रं एवढंच उरतं.

कधी शाळेचं नावच मदत करतं. हर्टफर्डशरमधलं हेलीबरी हे मूळ ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज. मुंबई इलाख्यात येणारे कंपनीचे मुलकी अधिकारी तिथूनच शिकून यायचे. कंपनीचं कॉलेज १८५८ मध्ये बंद झालं, त्याच इमारतींत १८६२ मध्ये शाळा सुरू झाली आणि १९४२ मध्ये तिच्यात इम्पिरिअल सर्व्हिस कॉलेज विलीन झालं. तेव्हा बिल्ल्यावर दोन्ही नावं असतील तर तो १९४२ नंतरचा. अशी विलीनीकरणाची सालं प्रत्येक शाळेची एका वहीत टिपून ठेवावीत.

धातू कोणकोणते असतात?

पितळ, आणि पितळेपेक्षा तांब्याचं प्रमाण जास्त असलेला, किंचित लालसर 'गिल्डिंग मेटल'. पांढरा धातू म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तो. काही बिल्ले दोन्ही धातूंचे तुकडे जोडून केलेले. अधिकाऱ्यांच्या रोजच्या गणवेशावर चॉकलेटी ब्रॉन्झचा, समारंभी गणवेशावर चांदीचा किंवा मुलाम्याचा. १९५०च्या दशकापासून अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम, ज्याला बाजारात 'स्टेब्राइट' म्हणतात: वजनाला अगदी हलका, पॉलिश न करताही चमकणारा.

दोन अपवाद लक्षात असू द्या. १९१६ मध्ये निकेल वाचवण्यासाठी एरवी दोन धातूंत निघणारे कित्येक रेजिमेंटचे बिल्ले पूर्ण पितळेत काढले गेले. 'यात पांढरा भाग नाही, म्हणजे नकली' असं म्हणून चांगला बिल्ला सोडू नका. आणि काही तुकड्या पॉलिशचा ताप नको म्हणून आपल्या बिल्ल्यांवर क्रोम चढवून घेत. तो मुलामा नंतरचा असला तरी आतला बिल्ला खरा असू शकतो. उलट साध्या पितळी बिल्ल्याला रसायनाने तपकिरी करून 'अधिकाऱ्याचा ब्रॉन्झ' म्हणून विकण्याचा प्रकारही चालतो. अशा वेळी कडेच्या झिजलेल्या जागी पिवळं पितळ डोकावतं का, ते पाहावं.

घरी लोहचुंबक असेल तर लावून बघा. वर सांगितलेला एकही धातू चुंबकाला चिकटत नाही. चिकटला तर मुलामा दिलेलं लोखंड हातात आहे. न चिकटणं हा मात्र खरेपणाचा पुरावा नव्हे.

खरा-खोटा ओळखताना सगळ्यात आधी काय बघायचं?

बिल्ला उलटा करा. पुढची बाजू नक्कल करणाऱ्याने मन लावून केलेली असते, कारण गिऱ्हाईक तीच बघतं. मागच्या बाजूला त्याचा उत्साह संपलेला असतो.

खरा बिल्ला पातळ पत्र्यावर पोलादी ठसा दाबून उठवलेला असतो. त्यामुळे पुढे जे वर आलं आहे ते मागे आत गेलेलं दिसतं: सिंहाची आयाळ, अक्षरं, पानांच्या शिरा, सगळ्याची उलटी छाप. ओतीव नकलेची मागची बाजू सपाट, भरीव, बहुतेकदा बारीक खड्ड्यांनी भरलेली, हाताला वाळूसारखी लागणारी. ओतताना धातू निवताना आकसतो, म्हणून खऱ्या बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली प्रत मूळ बिल्ल्यापेक्षा थोडी लहान भरते. व्हर्नियर कॅलिपर असेल आणि मोजायला एक खात्रीचा नमुना असेल तर ही परीक्षा सहसा चुकत नाही.

मग आरपार जागा बघा. मुकुटाच्या कमानींमधली, पानांमधली, अक्षरपट्टीभोवतीची भोकं खऱ्या बिल्ल्यात धारदार कापलेली असतात. नकलेत ती बुजलेली, कडा बोथट, किंवा मुळात कापलेलीच नसतात. हा एक तपास फोटोवरूनही करता येतो.

त्यानंतर जोडणी. साधारणपणे दोन प्रकार भेटतात. एक म्हणजे मागच्या दोन कड्या, ज्यांतून कॉटर पिन घालून बिल्ला टोपीला अडकवायचा. दुसरा प्रकार म्हणजे उभी पट्टी, तिला स्लायडर म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती रुळली. व्हिक्टोरियाच्या काळातला म्हणून दाखवलेल्या बिल्ल्याला स्लायडर असेल तर स्पष्टीकरण मागा. एखाद्याने नंतर बसवलेला असू शकतो, पण मग तसं सांगितलं पाहिजे आणि किंमतही तशी हवी. खऱ्या स्लायडरचं खालचं टोक नीट घडवलेलं असतं, टोकाजवळ तो टोपीत अडकून राहावा म्हणून एक चिमटा काढलेला असतो, आणि जोड आटोपशीर. नकलेत स्लायडर ओबडधोबड कापलेला, वाकडा, आणि सोल्डर सगळीकडे पसरलेलं, कडेला जळल्याचा डाग. बिल्ला जुना आणि सोल्डर मात्र नवं, चकचकीत, ही जोडी शंकास्पदच.

शेवटी झीज. मुलांनी वर्षानुवर्षं घासून चमकवलेला बिल्ला उंच जागी झिजतो: सिंहाचं नाक, मुकुटाचा माथा, ढालीचा मध्य. खोलगट जागी जुनं पॉलिश साचून राहतं. नकलेवरची झीज सगळीकडे सारखी असते किंवा खड्ड्यांतही असते, कारण ती घासून किंवा आम्लात बुडवून आणलेली असते. कापडाशी मागचा कुठला भाग लागत होता, तेही बघा. पुढून झिजून गुळगुळीत आणि मागून करकरीत, असा बिल्ला टोपीवर फारसा बसलेला नाही.

'रीस्ट्राइक' म्हणजे नकलीच ना?

मूळ ठशावरून पुढे केव्हातरी पुन्हा उठवलेला बिल्ला म्हणजे रीस्ट्राइक. बर्मिंगहॅममधले बिल्ल्यांचे कारखाने बंद पडले, विकले गेले, ठसे हातोहात फिरले आणि संग्राहकांसाठी त्यांवरून नवे बिल्ले निघाले. ठसा खरा असल्यामुळे पुढची बाजू बिनचूक असते, मागची उलटी छापही असते. पत्र्याची जाडी, धातूचा रंग आणि जोडणी मात्र वेगळी. ओतीव नकला वेगळ्या आणि नव्याने कोरलेल्या ठशांवरच्या नकला आणखी वेगळ्या. सियालकोटला बिल्ले, भरतकामाची लष्करी चिन्हं, बॅगपाइप यांचा मोठा उद्योग आहे, तिथल्या प्रती जगभरच्या बाजारात दिसतात. 'पुनर्निर्मित' म्हणून उघडपणे विकल्या तर त्यात गैर काहीच नाही. तीन हात फिरून चौथ्या दुकानात ती प्रत 'पहिल्या महायुद्धातली' झाली की फसवणूक सुरू.

रीस्ट्राइक मी स्वतः संग्रहात ठेवतो, वेगळ्या कप्प्यात आणि चिठ्ठी लावून. तुलनेला त्याच्यासारखं साधन नाही.

मागे कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. मग तरी खरा?

नाही. गाँट, फर्मिन, स्मिथ अँड राइट, डाउलर, टिमिंग्ज ही नावं खऱ्या बिल्ल्यांवर भेटतात, पण नाव कोरायला ठसा लागतो एवढंच. कित्येक खऱ्या बिल्ल्यांवर कसलंच नाव नसतं. चांदीच्या बिल्ल्यावरची हॉलमार्कची खूण मात्र कामाची: बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर आणि सालाचं अक्षर मिळालं की वर्ष कळतं. तेही तपासून घ्यायचं, कारण १९१० चं अक्षर आणि १९४८ ची संस्था एकाच बिल्ल्यावर असू शकत नाही.

रेजिमेंटच्या बिल्ल्यावर 'कॅडेट' अशी पट्टी असलेले बिल्ले महाग का?

कारण ते कमी आहेत आणि बनवायला सोपे आहेत. आर्मी कॅडेट फोर्सची मुलं सामान्यतः आपल्या जिल्ह्याच्या रेजिमेंटचाच बिल्ला लावत आली आहेत, सैनिकाचा असतो तोच. वेगळी 'कॅडेट बटालियन' अशी अक्षरं असलेले बिल्ले मुख्यतः पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या तुकड्यांचे, थोड्या संख्येत, बरेचसे खासगी खर्चाने काढलेले. त्यांची संपूर्ण सरकारी यादी नाही. यादी नसली की कल्पनाशक्तीला मोकळं रान मिळतं. बाजारात सहज मिळणाऱ्या रेजिमेंटच्या बिल्ल्याला एक पट्टी जोडली की किंमत कित्येक पटींनी वाढते.

तपास मागूनच. पट्टी त्याच पत्र्यातून उठलेली आहे की वरून सोल्डर केली आहे? खऱ्यातही कधी पट्टी जोडलेली असते, तेव्हा सोल्डरचं वय आणि दोन्ही तुकड्यांची झीज जुळते का ते पाहायचं. अक्षरांचा घाट त्या काळातल्या इतर बिल्ल्यांशी ताडून बघायचा. आणि ती तुकडी होती का, हे आधी शोधायचं. किंग्ज रॉयल रायफल कोअरच्या पहिल्या कॅडेट बटालियनची हकिगत या बाबतीत वाचण्यासारखी आहे: तिच्यातले तरुण बोअर युद्धात स्वयंसेवक म्हणून गेले आणि 'साउथ आफ्रिका १९००–०२' हा रणसन्मान त्या बटालियनला मिळाला. कॅडेट तुकडीच्या नावावर रणसन्मान ही विलक्षण गोष्ट, म्हणूनच तिच्या नावाने विकायला आलेल्या कशाकडेही दुप्पट संशयाने पाहावं.

म्हणजे साध्या रेजिमेंटच्या बिल्ल्याला 'एसीएफ बॅज' म्हणून जास्त पैसे देऊ नयेत?

वस्तू तीच असेल तर फरक फक्त कहाणीचा, आणि कहाणीला कागद हवा. कॅडेटचं ओळखपुस्तक, नाव लिहिलेली टोपी, तुकडीचा फोटो. यातलं काही सोबत असेल तर जरूर जास्त द्या.

माझ्या मते एसीएफचा संग्रह रेजिमेंटऐवजी गावाने करावा. मिडलसेक्स परगण्यातली एखादी तुकडी घ्या. हॅरो, वेम्बली, साउथॉल हा सगळा भाग पूर्वी मिडलसेक्समध्ये, आणि आज तिथे मराठी घरंही बरीच आहेत. तिथल्या मिडलसेक्स रेजिमेंटच्या बिल्ल्यावर १८११ च्या आल्बुएराच्या लढाईचं नाव होतं. १९५८ नंतर लष्कराने गटागटांना एकच बिल्ला दिला, तेव्हा ही रेजिमेंट होम काउंटीज ब्रिगेडच्या बिल्ल्याखाली आली. १९६६ च्या अखेरीस क्वीन्स रेजिमेंट झाली. १९९२ मध्ये प्रिन्सेस ऑफ वेल्सेस रॉयल रेजिमेंट. जिल्ह्याच्या रेजिमेंटमागोमाग कॅडेटही बिल्ला बदलत असल्यामुळे एकाच पेठेतले आजोबा, वडील आणि नातू यांच्या टोप्यांवर तीन निरनिराळे बिल्ले निघतात. चारही बिल्ले मिळून फार खर्च येत नाही, आणि नकलेची भीतीही कमी, कारण स्वस्त वस्तूची नक्कल करण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.

शाळांच्या ओटीसी बिल्ल्यांना इतकी मागणी का?

एक कारण त्यांचं देखणेपण. दुसरं कारण १९१४. ऑगस्ट १९१४ ते मार्च १९१५ या काळात ओटीसीतून २०,५७७ जणांना अधिकारपदं मिळाली. ही अठरा-वीस वर्षांची पोरं थेट खंदकांत गेली, आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांचं मरणाचं प्रमाण तिथे भयानक होतं. त्या शाळांच्या बिल्ल्यांशी घराणी, स्मारकं, मृतांच्या याद्या जोडलेल्या आहेत.

मात्र ओटीसी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू ओटीसीच्या नसतात. शाळेच्या रोजच्या टोपीवरचा बिल्ला, प्रीफेक्टचा, माजी विद्यार्थ्यांचा कोटावरचा, सगळ्यांवर तीच ढाल. आकार आणि जोडणी पाहा: टाचणीसारखी पिन असेल तर तो बहुधा छातीवरचा. कॉलरचे बिल्लेही कॅप बॅजसारखेच दिसतात, पण लहान असतात आणि जोडीने येतात. ज्यांत प्राणी असतो अशा जोडीत प्राण्यांची तोंडं समोरासमोर असतात.

वापराचं साल आणि घडवल्याचं साल एक मानू नका. शाळा काटकसरी असतात. ओटीसी अक्षरांचे शिल्लक बिल्ले सीसीएफच्या काळातल्या मुलांनी लावले असतील तर त्यात आश्चर्य नाही.

पुरावा कुठे शोधायचा?

शाळांची नियतकालिकं आणि ओटीसी शिबिरांची छायाचित्रं. टिडवर्थ, मिचेट, आल्डरशॉट इथल्या उन्हाळी शिबिरांत रांगेत बसलेल्या मुलांचे फोटो पुष्कळ निघाले. फोटो मोठा करून टोपीवरची आकृती ताडता येते. अक्षरं वाचता नाही आली तरी बाह्यरेषा आणि आकार कळतो. पुष्कळ शाळांत अभिलेखपाल असतो, त्याला विनम्र पत्र लिहा, बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि मापं जोडा. लंडनच्या चेल्सी भागातलं नॅशनल आर्मी म्युझियम आणि जिल्ह्यांची रेजिमेंटल संग्रहालयंही उपयोगी. कुणाकडूनही किमतीचा अंदाज मागू नका. संग्रहालयं तो देत नाहीत आणि पुढचं उत्तरही थंड येतं.

विक्रेते 'के अँड के' क्रमांक लिहितात, तो किपलिंग आणि किंग यांच्या ब्रिटिश शिरोभूषणांच्या बिल्ल्यांच्या दोन खंडी सूचीतला क्रमांक. त्यातून अशा नमुन्याचा बिल्ला अस्तित्वात होता एवढं कळतं. समोरचा तुकडा खरा आहे, हे त्या आकड्याने सिद्ध होत नाही.

प्लास्टिकचा बिल्ला फेकून द्यायचा का?

मुळीच नाही. १९४१-४२ पासून धातू वाचवण्यासाठी ब्रिटिश लष्कराचे अनेक बिल्ले तपकिरी, राखाडी, सोनेरी छटेच्या प्लास्टिकमध्ये निघाले. मागे वाकवायच्या धातूच्या पात्या असतात, कित्येकांवर वॉल्सॉलच्या ए. स्टॅन्ली अँड सन्सचं नाव. पात्या वाकवून वाकवून तुटतात, म्हणून अखंड नमुना चांगला. त्यांच्याही नकला आल्या आहेत: रंग फार एकसारखा, पात्या अगदी कोऱ्या, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या.

हवाई आणि नौदल कॅडेटांचं काय?

एअर डिफेन्स कॅडेट कोअर १९३८ मध्ये निघालं आणि ५ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याच्या जागी एअर ट्रेनिंग कोअर, म्हणजे एटीसी, आलं. आधीच्याचं आयुष्य जेमतेम तीन वर्षांचं, म्हणून त्याचे बिल्ले दुर्मिळ. एटीसीच्या बिल्ल्यावर झेपावणारा ससाणा आणि 'व्हेंचर अॅडव्हेंचर' हे बोधवाक्य. ते मुबलक आहेत. नवशिक्याने मुकुटाचे फरक शिकायला हेच घ्यावेत.

सी कॅडेट मुलांच्या गोल टोपीवर बिल्ल्याऐवजी नाव विणलेली रिबन असते. तो संग्रहच वेगळा, आणि कापडाला कसर लागते हे ध्यानात असू द्या.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याला काय विचारू?

मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो, कडेने काढलेला फोटो, उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये, वजन. परतीची अट लेखी. 'आजोबांच्या पेटीतून निघाला' हे वाक्य किमतीत धरू नका. एकाच विक्रेत्याकडे तोच दुर्मिळ बिल्ला महिन्याला एक असा येत असेल, तर तो दुर्मिळ नाही.

मुंबई-पुण्याच्या बाजारात असे बिल्ले मिळतात का?

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात ब्रिटिश बिल्ले दिसतात, पण त्यांतला मोठा भाग सजावटीच्या पितळी मालाबरोबर आलेल्या ओतीव प्रतींचा. ब्रिटिश शाळांचे ओटीसी बिल्ले इथे सापडण्याचं तसं कारण नाही. सापडला तर आनंदाआधी शंका येऊ द्या. आवडला तर पितळेच्या किमतीत घ्या.

कायद्याचं एक कलम माहीत हवं. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातला किंवा पहिल्या महायुद्धातला बिल्ला इथून परदेशी विकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. बाहेरून मागवताना सीमाशुल्क लागू शकतं, ते किमतीत धरा.

एनसीसीचा बिल्ला याच घराण्यातला का?

नातं आहे. १९१७ मध्ये हिंदुस्थानात विद्यापीठांच्या तुकड्या निघाल्या, १९२० नंतर त्या युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर, म्हणजे यूटीसी, झाल्या, १९४२ मध्ये नावात 'ऑफिसर्स' आलं, म्हणजे यूओटीसी. पं. हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये एनसीसी उभी राहिली, त्याच वर्षी जेव्हा तिकडे सीसीएफ निघाला. स्वातंत्र्याआधीच्या यूटीसी-यूओटीसी बिल्ल्यांकडे ब्रिटिश संग्राहकांचं अजून फारसं लक्ष नाही. आपल्याकडे कुणाच्या आजोबांनी कॉलेजात यूटीसी केलं असेल तर फोटो आणि बिल्ला एकत्र ठेवा. वेगळे झाले की दोन्हींचं मोल उतरतं.

घासून लखलखीत करावा का?

नको. पितांबरी, चिंच, लिंबू, ब्रासो, काहीही नको. खोलगट जागी साचलेलं जुनं पॉलिश आणि तांबूस झळाळी हाच वयाचा दाखला असतो, तो आपल्याच हाताने पुसला जातो. स्टेब्राइटला पॉलिश लावलं तर रंगाचा थरच निघतो. धूळ मऊ ब्रशने झटका. हिरवट कळक चढला असेल तर लाकडी काडीने अलगद काढा, पाण्यात बुडवू नका. दोन धातूंच्या सांध्यात ओल राहिली की तिथूनच नासतो.

कोकणात, मुंबईत पावसाळा हा खरा शत्रू. पीव्हीसीचे मऊ पाऊच टाळा, त्यांतून निघणारा चिकट अंश पितळ हिरवं करतो. आम्लरहित कागद, हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा उघडून पाहणं.

नोंद कशी ठेवायची?

प्रत्येक बिल्ल्याला क्रमांक आणि त्याखाली: कुठून, केव्हा, कितीला घेतला, मापं, वजन, धातू, जोडणी, दोन्ही बाजूंचे फोटो, विक्रेत्याने काय सांगितलं आणि त्यातलं तुम्ही स्वतः काय पडताळलं. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवा. क्रमांक बिल्ल्यावर कोरू किंवा चिकटवू नका, डब्यावर लिहा. शंका असेल तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घाला आणि विकताना ते प्रश्नचिन्ह गिऱ्हाइकाला दाखवा.